संगमरवरी मस्तक नेमकं कसं कोरावं: प्लास्टरच्या नमुन्यापासून शेवटच्या वॉटर पेपरपर्यंत

पाट्या-वरवंट्याला टाकी लावणारा माणूस दारावर यायचा, त्याचा हात ज्यांनी पाहिलाय त्यांना आठवेल. छिन्नी पाट्यावर उभी धरलेली, घाव सरळ खाली, आणि काळ्या दगडावर बघता बघता खड्ड्यांची नक्षी. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडाला हा मार चालतो. पाट्याला तर तोच हवा असतो. संगमरवरावर तीच टकटक केली तर प्रत्येक घावाखाली दगडाचे कण चिरडतात आणि आत एक पांढरट डाग बसतो. त्या दिवशी तो दिसत नाही. दोन-तीन महिन्यांनी गाल घासून गुळगुळीत करायला घेतला की तो वर येतो, आणि तो घालवायचा तर अख्खा गाल खाली न्यावा लागतो. आम्ही त्याला मुका मार म्हणतो. माझ्या पहिल्या मस्तकाच्या कपाळावर असे सात डाग आहेत. ते काम मी अजून समोर ठेवलंय.

संगमरवर म्हणजे चुनखडीचा रूपांतरित दगड, कॅल्साइटचे स्फटिक एकमेकांत घट्ट बसलेले. मोह्सच्या एक ते दहाच्या मोजपट्टीवर त्याचा कडकपणा तीनच्या आसपास, आपल्या काळ्या दगडाचा, म्हणजे बेसॉल्टचा, सहाच्या आसपास. त्यामुळे तो कापायला फार ताकद लागत नाही, आणि नवख्या हाताची चूक नेमकी इथेच होते. दगड भराभर सुटतो, बरं वाटतं, आणि एका दुपारी लक्षात येतं की हनुवटी संपली. मी शिकवताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारते: आत्ता छिन्नीच्या टोकाखाली किती दगड उरलाय? उत्तर आकड्यात आलं पाहिजे. "चार सूत", "एक सूत", "दीड मिलिमीटर". (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरहून किंचित जास्त.) पुढची सगळी पद्धत या एका प्रश्नाचं उत्तर कायम तयार ठेवण्यासाठी आहे.

उदाहरणाला मी माझ्या आजीचं मस्तक घेते, कारण त्यात सगळ्या अडचणी आहेत: बारीक नाक, सुटे कान, मागे अंबाडा, आणि वयाने बारीक झालेली मान.

नमुना आधी, दगड नंतर

मातीत चेहरा करा, त्याचा साचा काढा, आणि प्लास्टरमध्ये ओता. थेट दगडात विचार करणारे थोर लोक होऊन गेले. फ्लॉरेन्सच्या अकादेमिया संग्रहालयात मायकेलअँजेलोचा अपुरा संत मॅथ्यू उभा आहे, त्यात समोरच्या बाजूने एकेक थर काढत आत गेलेला हात स्पष्ट दिसतो. पण ती वाट दहा-वीस मस्तकं झाल्यावरची. पहिल्या कामात आकाराचा विचार मातीत संपवायचा, म्हणजे दगडासमोर फक्त मापाचा विचार उरतो.

प्लास्टर करताना दोन गोष्टी मुद्दाम वेगळ्या करा. पहिली, मानेखाली सपाट, काटकोनी बैठक ठेवा, निदान दोन इंच उंच. दुसरी, माथ्यावर प्लास्टरचाच अंगठ्याच्या पेराएवढा एक उंचवटा लावा. तो विचित्र दिसतो, पण त्याचं काम पुढे कळेल. आजीचा नमुना बैठकीसकट अकरा इंच उंच, सात इंच रुंद, आणि नाकापासून अंबाड्यापर्यंत नऊ इंच खोल आहे.

दगड ऐकून घ्यायचा

चारी बाजूंनी इंच-इंच जास्त धरून मी तेरा बाय नऊ बाय अकरा इंचाचा ठोकळा घेते. एक घनफूट संगमरवर सुमारे ७६ किलो भरतो, तेव्हा हा ठोकळा साधारण ५७ किलोचा. एकट्याने उचलू नका.

मकराण्याचा दगड आपल्याकडे सहज मिळतो. ताजमहाल आणि कोलकात्याचं व्हिक्टोरिया मेमोरियल त्याच खाणींच्या दगडाचं आहे. इटलीतल्या करारा इथला बारीक कणांचा दगड महाग, पण पापणीसारखी बारीक धार त्यात चांगली टिकते. शिर्डीच्या समाधी मंदिरातली, बाळाजी वसंत तालीम यांनी घडवलेली आणि १९५४ साली बसवलेली साईबाबांची मूर्ती इटालियन संगमरवरातलीच आहे. शिकण्यासाठी मात्र फरशीवाल्याकडच्या जाड तुकड्यापासून सुरुवात केली तरी चालेल. अट एकच: दगडाला तडा नको.

त्याची परीक्षा कानाने होते. ठोकळा लाकडी पट्ट्यांवर ठेवा आणि लहान हातोडीने ठिकठिकाणी हलके टोले द्या. निरोगी दगड खणखणीत वाजतो. कुठे बद्द आवाज आला तर तिथे आत काहीतरी सुटलेलं आहे. मग बादलीभर पाणी ओता आणि सुकताना बघत बसा. दगड सगळीकडे कोरडा होतो, पण बारीक तड्यात ओल रेघेसारखी मागे राहते. ती रेघ पेन्सिलीने गिरवून ठेवा. सगळ्याच रेघा वाईट नसतात. रंगाची शीर दगडात एकजीव असते आणि बहुधा त्रास देत नाही. पण ती नाकावर किंवा डोळ्यावर येणार नाही अशी फिरवून घ्या.

एवढं करूनही दगड दगा देतोच. इटालियन शिल्पकार बर्निनीने १६३२ मध्ये कार्डिनल शिपिओने बोर्गेझेचा अर्धपुतळा जवळजवळ पुरा केला आणि कपाळावर तडा दिसला. त्याने तोच चेहरा दुसऱ्या दगडात पुन्हा कोरला. दोन्ही पुतळे आज रोमच्या बोर्गेझे संग्रहालयात आहेत. दुसरा पुतळा पुन्हा उभा राहू शकला, कारण आकार आधीच ठरलेला होता. प्लास्टरचा नमुना काम संपेपर्यंत जपून का ठेवायचा, त्याचं हे कारण.

हत्यारं थोडी, पण धारदार

पाच-सहा छिन्न्या पुरतात: एक जाड आणि एक बारीक टोकदार, एक चार दातांची आणि एक बारीक दातांची दातेरी, दोन सपाट (अर्धा इंच आणि पाव इंच). टोकाला टंगस्टन कार्बाइड बसवलेल्या घेतल्यात तर धार जास्त टिकते, पण ती हिऱ्याच्या किंवा सिलिकॉन कार्बाइडच्या चाकावर लावावी लागते. दोन हातोड्या: ढोबळ कामाला ७०० ग्रॅमच्या आसपास, बारीक कामाला ३०० ग्रॅम. बाकी गुण्या, ओळंबा, स्पिरिट लेव्हल, बाकदार पायांचे तीन कॅलिपर, आणि वही-पेन्सिल.

बोथट छिन्नी हे मुक्या माराचं पहिलं कारण. धार गेली की छिन्नी दगड कापत नाही, चिरडते, आणि हात नकळत जास्त जोर लावतो. मी साधारण दर अर्ध्या तासाने टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून बघते. घसरलं तर धार लावायची वेळ झाली.

मस्तकाला हात लावण्याआधी टाकाऊ तुकड्यावर तालीम करा. एक फूट लांब पट्ट्यावर टोकदार छिन्नीने पाच समांतर चर काढा, प्रत्येक बरोबर दोन सूत खोल. छिन्नी दगडाशी साधारण ४५ अंशात तिरकी धरा. मूठ आवळू नका, घाव बसला की छिन्नी हातात किंचित उसळली पाहिजे. नजर हातोडीच्या डोक्यावर नको, छिन्नीच्या टोकावर हवी. पहिल्या आठवड्यात अंगठा दोन-चारदा फुटेल, पण नजर टोकावरच ठेवा. चर झाले की मधले उंचवटे दातेरीने उतरवा, मग सपाट छिन्नीने, आणि पट्टी आडवी ठेवून उजेडाकडे धरून बघा. पट्टीखालून उजेड कुठे येत नसेल तर हात तयार आहे. मला याला तीन आठवडे लागले होते आणि ते तीन आठवडे अजून उपयोगी पडतात.

याच तालमीत एक सवय लावून घ्या: घाव नेहमी कडेकडून आतल्या भरीव दगडाकडे. आतून कडेकडे मारलात तर शेवटच्या टोल्याला कड तुटून पडते. पाठीला आधार नसलेला दगड ताण सहन करत नाही. संगमरवर दाबाला भक्कम असतो, ताणाला कच्चा. नाक, कान, बोटं, पदराची कड, सगळी याच कारणाने तुटतात.

तीन खिळे

जुन्या कारखान्यांत नमुन्यावरून दगडात माप उतरवायला पॉइंटिंग मशीन वापरतात: तीन टेकूंवर उभी राहणारी चौकट, आणि तिच्यावर मागेपुढे सरकणारी सुई. सुई नमुन्याला टेकवून अडकण लावायचं, चौकट उचलून दगडावर ठेवायची, आणि सुई अडकणापर्यंत आत जाईस्तोवर दगड उतरवायचा. मिळालं तर जरूर वापरा. पण तत्त्व समजायला आणि अचूक काम करायला तीन कॅलिपर पुरतात. कुठल्याही बिंदूची तीन पक्क्या ठिकाणांपासूनची अंतरं माहीत असली की तो बिंदू अवकाशात बांधला जातो.

नमुन्यावर ती तीन ठिकाणं म्हणजे तीन पितळी खिळे. दोन बैठकीच्या पुढच्या बाजूला, डाव्या-उजव्या टोकांशी, आणि तिसरा माथ्यावरच्या त्या उंचवट्यावर. त्रिकोण जितका मोठा तितकी माप काढण्यातली चूक लहान. प्रत्येक खिळ्याच्या डोक्यावर मधोमध बारीक खळगा पाडा, म्हणजे कॅलिपरचं टोक तिथेच बसेल. लोखंडी खिळे अजिबात नकोत. गंजाचा पिवळा डाग संगमरवर आत ओढून घेतो आणि तो सहज निघत नाही. लोखंडी छिन्नी ओल्या दगडावर रात्रभर विसरू नका, तेही याच कारणाने. चहाचा कपसुद्धा लांब ठेवा.

आता हाच त्रिकोण दगडात बसवायचा. इथे घाई केली तर पुढचं सगळं वाकडं जातं, म्हणून मी याला पूर्ण दोन दिवस देते. नमुना आणि ठोकळा एकाच उंचीच्या, लेव्हल केलेल्या दोन भक्कम टेबलांवर शेजारी ठेवा. ठोकळ्याचा तळ पूर्ण सपाट करून घ्या. समोरून खालचे दोन इंच बैठकीच्या पातळीपर्यंत मागे कापा, म्हणजे पायरी तयार होईल. त्या पायरीच्या उभ्या तोंडावर दोन खिळ्यांच्या जागा पेन्सिलीने खुणवा, उंची टेबलापासून मोजून. माथ्याची जागा ओळंबा आणि गुण्याने काढा: टेबलापासून किती वर, समोरच्या खिळ्यांच्या रेषेपासून किती मागे, मधोमधपासून किती डावी-उजवीकडे. वरचा दगड तिथे तेवढाच उतरवा.

खिळे चिकटवण्याआधी हवेत तपासा. नाकाचं टोक, हनुवटी, दोन्ही कान, अंबाड्याची मागची बाजू, हे पाच टोकाचे बिंदू दगडाच्या आत निदान दोन सूत येतायत ना? आजीच्या मस्तकात डावा कान ठोकळ्याच्या कडेला फक्त एक सूत राहत होता. तेव्हा अख्खा त्रिकोण तीन सूत उजवीकडे सरकवला. दगडाला हात न लावता केलेली ही एकमेव दुरुस्ती फुकट असते. नंतरच्या प्रत्येक दुरुस्तीची किंमत दगडात मोजावी लागते. मग पाच मिलिमीटरची भोकं पाडून खिळे एपॉक्सीने बसवा आणि तिन्ही बाजूंची अंतरं नमुन्याशी पुन्हा जुळवा.

मायकेलअँजेलोच्या डेव्हिड या पुतळ्याचा ठोकळा आठवतो इथे. १४६४ मध्ये आगोस्तिनो दि दुच्चो याने तो कोरायला घेऊन सोडून दिला होता. १५०१ मध्ये मायकेलअँजेलोच्या हाती आला तेव्हा तो आधीच कापलेला होता, आणि उरलेल्या दगडातच पाच मीटरहून उंच माणूस बसवायचा होता.

तीन कमानी

नमुन्यावर पेन्सिलीने बिंदूंना नंबर द्या. पहिले बारा म्हणजे टोकाचे: नाक, हनुवटी, दोन्ही भुवया, गालाची हाडं, कान, अंबाडा वगैरे. त्यानंतर चाळीसेक मधले. वहीत प्रत्येकाची तीन अंतरं लिहा. आजीच्या नाकाचं टोक: डाव्या खिळ्यापासून १४९ मिलिमीटर, उजव्यापासून १५२, माथ्यापासून १७५.

पहिला कॅलिपर १४९ ला पक्का करून दगडावर डाव्या खिळ्यापासून एक कमान ओढा. मग १५२ ने उजव्या खिळ्यापासून, १७५ ने माथ्यापासून. दगड अजून बाहेर असल्याने तीन कमानी एका ठिकाणी भेटत नाहीत, त्यांच्यामध्ये एक छोटा त्रिकोण राहतो. त्या त्रिकोणातला दगड थोडा उतरवा, कमानी पुन्हा ओढा. त्रिकोण लहान होतो. पुन्हा उतरवा. आणि एका क्षणी तीनही रेघा एकाच टिंबात येऊन मिळतात. तेच नाकाचं टोक.

हे मी शंभरदा केलंय आणि तरी त्या क्षणी हात थांबतो. दगडाच्या आत कुठेतरी असलेली जागा डोळ्यांसमोर रेघांनी बांधली जाते.

पण तिथपर्यंत एका दमात जायचं नाही. त्रिकोण राईएवढा राहिला की थांबा. तेवढा दीड-दोन मिलिमीटर दगड कानशीसाठी आणि घासायच्या वॉटर पेपरसाठी राखायचा. चुकून जास्त खोल गेलात तर त्रिकोण पुन्हा दिसायला लागतो, पण उलटा. तो उलटा दिसला की त्या बिंदूपुरता उशीर झालाय, आणि आजूबाजूचं सगळं त्याच्याबरोबर खाली न्यावं लागणार. उतरवलेल्या प्रत्येक बिंदूवर पेन्सिलीचं टिंब आणि भोवती गोल करा. शाईचा मार्कर नको, शाई आत मुरते.

ढोबळ दगड काढताना

बिंदूंच्या मधला दगड काढायला ग्राइंडर सोयीचा. हिऱ्याच्या पात्याने बोटभर अंतरावर समांतर चिरा पाडायच्या आणि मधल्या फाकी सपाट छिन्नीने उडवायच्या. चिरेची खोली आधी ठरवा आणि पात्यावर टेपने खूण करा. फिरत्या पात्यावर डोळ्याने अंदाज कधीच बरोबर येत नाही. अंतिम पृष्ठभागापासून एक इंच वर थांबा, कारण पातं वाकडं गेलं तर ती चीर चेहऱ्यावर कायमची राहते. गार्ड काढून ग्राइंडर चालवणारे कारागीर मी पाहिलेत. कृपा करून तुम्ही काढू नका. पाणी मारून कापत असाल तर वायरिंगला ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवाच. धुळीसाठी नीट बसणारा एन-९५ किंवा फिल्टरचा मास्क, कानाला मफ, डोळ्यांना बंद गॉगल. संगमरवरात सिलिका कमी असते म्हणून रुमाल बांधून काम करणारे पुष्कळ आहेत, पण बारीक धूळ कुठलीही असो, ती फुप्फुसात साठते.

त्यानंतर टोकदार छिन्नी, एका इंचापासून. ती कधीही पृष्ठभागावर उभी धरू नका, आणि एक इंच उरला असताना जसे घाव घालता तसे अर्धा इंच उरला असताना घालू नका. टोकदार छिन्नीचा मुका मार काही मिलिमीटर खोल जातो, म्हणून तिची हद्द मी चार सुतांवर ठेवते. चार सुतांपासून एक सुतापर्यंत दातेरी. एक सुतापासून दीड मिलिमीटरपर्यंत सपाट. मग कानस. ही चार वाक्यं एका फळीवर लिहून टेबलासमोर टांगा, मी आजही टांगते.

काम वरून खाली आणते, खालचा भरीव दगड शेवटपर्यंत वरच्याला आधार देत राहतो. वेरूळचं कैलास लेणं कळसापासून पायापर्यंत असंच उतरत गेलंय. मानेला हात सगळ्यात शेवटी लावायचा. हनुवटीखाली आणि अंबाड्याखाली दगडाचे जाड टेकू ठेवा. रोमन कारागिरांनी कांस्य पुतळ्यांच्या संगमरवरी प्रती केल्या तेव्हा पायाशी झाडाचे बुंधे घातले आणि हात-मांडीच्या मध्ये दगडी टेकू सोडले, ते याच कारणाने. ठोकळ्याखाली वाळूची गोणी ठेवली की घावाचा हादरा दगडात परतून येत नाही, ती पाया म्हणून चांगली.

दातेरी, आणि मध्येच थांबायची सवय

दातेरी छिन्नी हे माझं सगळ्यात आवडतं हत्यार. तिचे ओरखडे आकाराच्या वळणाबरोबर वळवले की गाल किती गोल आहे हे रेघांतूनच कळतं. एकदा या दिशेने, पुढच्या फेरीत तिरकं छेदून. सगळीकडे एकाच थराने खाली या. फक्त नाक पूर्ण करून टाकायचा मोह फार होतो, पण मग गाल त्याच्याशी जुळवायला जागा उरत नाही.

दर तासाला एक बाजूचा दिवा खाली, जवळजवळ दगडाला समांतर धरा. समोरच्या उजेडात पांढरा दगड सपाट दिसतो. कडेच्या उजेडात प्रत्येक उंचवटा सावली टाकतो. नमुनाही त्याच दिव्यात शेजारी ठेवा आणि दोन्हींच्या सावल्यांची तुलना करा. मापाने न दिसलेली चूक इथे सापडते.

डोळे, नाकपुड्या, कान

प्लास्टर उजेड अडवतं, संगमरवर तो थोडा आत घेऊन पसरवतो. त्यामुळे नमुन्याइतकीच खोल पापणी दगडात उथळ आणि मवाळ दिसते. माप बरोबर असूनही चेहरा झोपाळू वाटतो. म्हणून वरच्या पापणीखालची रेघ, ओठांच्या कोपऱ्यातली खाच, नाकपुडीची कड इथे नमुन्यापेक्षा थोडं खोल जायचं. किती ते दगड बघूनच ठरवा, आणि एका वेळी अर्धा मिलिमीटरपेक्षा जास्त नको. डोळ्याचं बुबुळ कोरायचं की गुळगुळीत सोडायचं, हे मात्र आधी ठरवा. रोमन शिल्पात हेड्रियनच्या काळापासून, म्हणजे दुसऱ्या शतकात, बुबुळ कोरायची पद्धत रूढ झाली. आजीच्या डोळ्यांत मी फक्त बाहुलीपुरता लहान खळगा घेतला, त्यानेच नजर आली.

नाकपुड्या आणि कानाच्या आतल्या खोलीसाठी ड्रिल. हॅमर मोड बंद ठेवा, त्याचा मार आत जातो. बिटावर टेपने खोली खुणवा आणि अपेक्षित खोलीच्या दोन मिलिमीटर आधी थांबा. जवळजवळ दोन-तीन भोकं पाडून मधल्या पातळ भिंती बारीक छिन्नीने काढायच्या. अंबाड्यातल्या केसांच्या वळणांतही हेच. कानामागचा दगड तोवर तसाच ठेवा. कानाची पाळ पुढून पूर्ण, पेपर मारून झाली, की मगच मागून सोडवा.

माझ्या दुसऱ्या मस्तकात मी हा क्रम बदलला होता. कान आधी मागून मोकळा केला आणि पुढची बाजू कानशीने घासताना तो पाळीसकट हातात आला. एपॉक्सीने जोडला, पण जोडाची रेघ ओल्या कापडाने पुसलं की आजही दिसते. तुकडा उडाला तर पहिल्यांदा हातातली हत्यारं खाली ठेवा, तुकडा शोधा, आणि नमुन्यासमोर बसा. कधी केसांची एक बट पुढे आणून जागा भरता येते. कधी जोडणंच बरं. त्याच क्षणी घेतलेला निर्णय बहुतेक वेळा आणखी दगड खातो.

कानस आणि पेपर

आता उरलाय दीड मिलिमीटर. कानशीने सपाट छिन्नीचे पैलू काढा, खळग्यांत वाकड्या टोकाच्या बारीक कानशी चालवा. पृष्ठभागावर काव किंवा कोळशाची पातळ पूड हलकेच लावून घासलं की उंच जागा आधी पांढऱ्या होतात आणि खड्डे रंगीत राहतात, मग काय करायचं ते दगडच दाखवतो.

मग वॉटर पेपर: ८०, १२०, २२०, ४००, हवं असेल तर पुढे ६०० ते १२००. प्रत्येक नंबरची दिशा आधीच्याला आडवी. आधीच्या नंबरचे सगळे ओरखडे गेल्याशिवाय पुढे जाऊ नका. तपासणी कोरड्या दगडावर करा, ओला दगड ओरखडे लपवतो आणि चकचकीत वाटून फसवतो. ८० नंबर नाकाच्या कडेवर, पापणीवर वापरू नका. पेपरनेही दगड जातो, आणि धार गोल होणं हे बोटांना कळत नाही. आजीची त्वचा मी ४०० वर थांबवली. अंबाडा दातेरीच्या रेघांतच सोडला, पेपर मारलाच नाही. म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर आरशासारखी चकाकी मला पटत नाही. चकाकी हवीच असेल तर टिन ऑक्साइडची पूड ओल्या नमद्यावर घेऊन सावकाश घासा.

आणि हे ज्यांच्या घरी संगमरवरी मूर्ती आहे त्यांच्यासाठी: कॅल्साइटला आंबट चालत नाही. लिंबाने घासू नका. पंचामृतातलं दहीही पॉलिश हळूहळू खातं. तेव्हा अभिषेक झाल्यावर लगेच भरपूर साध्या पाण्याने धुऊन कोरडं पुसा. तेल आणि कुंकू दगडात मुरलं की डाग सहज निघत नाही.

शेवटचा खिळा

टेकू सगळ्यात पातळ पात्याने, दोन्ही बाजूंनी थोडं थोडं कापत काढा. मध्यापर्यंत येऊन हातोडीने उडवायला जाऊ नका. मान आता मोकळी होते, त्यामुळे यापुढे हातोडी नाही, फक्त कानस आणि पेपर.

बैठकीतले दोन खिळे शेवटच्या तपासणीनंतर काढून भोकं त्याच दगडाची पूड मिसळलेल्या एपॉक्सीने भरली की झालं. तोवर माथ्यावरचा उंचवटाही एक दिवस तसाच ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी, ताज्या डोळ्यांनी, वहीतले बारा बिंदू तीन कॅलिपरने शेवटचे तपासा, कारण खिळे गेले की दगडात पुन्हा काही मोजता येणार नाही. आजीच्या वेळी उजव्या गालाचं हाड पाऊण मिलिमीटर उंच निघालं. ते उतरवलं, पुन्हा मोजलं. मग कानस घेतली आणि तो उंचवटा, खिळ्यासकट, थोडा थोडा घासत भांगाच्या रेघेपर्यंत आणला. तिथले केस नमुन्यात नव्हतेच. ते मी मनानेच कोरले.